विंचू कोणता, रुग्ण कोण? वैद्यकीय पुरावा शोधताना आधी हे विचारा

कोकणातल्या एका ग्रामीण रुग्णालयात बाँडवर असलेल्या तरुण डॉक्टरांचा प्रश्न थोडक्यात असा आहे: "मॅडम, विंचूदंशाचा पेशंट आला की सीनियर म्हणतात प्राझोसिन (रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी) द्या, पुरे. सिस्टर आधी हायड्रोकॉर्ट (हायड्रोकॉर्टिसोन, एक स्टेरॉइड) आणि ॲव्हिल (ॲलर्जीवरचं औषध) भरून तयार ठेवतात. फ्रीजमध्ये विंचवाची लस (अँटिव्हेनम, म्हणजे विषावरचा उतारा) आहे, पण ती द्यायची की नाही यावर दोन मतं. पबमेडवर (वैद्यकीय पेपर शोधायच्या साइटवर) बघितलं तर लॅन्सेट या जर्नलमधली मोठी ट्रायल (रुग्णांवरची चाचणी) सांगते की लसीचा उपयोग नाही, आणि बीएमजे या जर्नलमधली सांगते की आहे. कशावर विश्वास ठेवायचा? आणि ओपीडी सांभाळून हे सगळं शोधायचं कसं?"

डॉक्टर, तुम्हाला सापडलेले दोन्ही पेपर खरे आहेत. दोन्ही नीट केलेले आहेत. फक्त दोघांतले विंचू वेगळे आहेत आणि रुग्णही वेगळे आहेत. पुरावा शोधण्याविषयी मला जे सांगायचं आहे ते बहुतेक सगळं यातच आलं, म्हणून तुमचंच उदाहरण धरून सविस्तर लिहिते.

लॅन्सेटचा पेपर १९९९ चा, ट्युनिशियातला. ८२५ रुग्ण, निम्म्यांना लस, निम्म्यांना प्लासिबो, म्हणजे औषध नसलेलं खोटं इंजेक्शन. आकडा मोठा, जर्नल मोठं, पद्धत चोख. पण आत जाऊन वाचा. तिथे चावणारे विंचू उत्तर आफ्रिकेतले, आपल्याकडे नसलेले. लस त्या विंचवांच्या विषावर बनवलेली. आणि रुग्ण घेतले ते तीव्रता न बघता: ज्याचं नुसतं बोट ठणकतंय तोही आत, आणि ज्याला घाम फुटलाय तोही आत. त्यांचा प्रश्न होता, "विंचू चावलेल्या प्रत्येकाला सरसकट लस टोचावी का?" उत्तर मिळालं, नाही. त्या प्रश्नाला ते उत्तर पक्कं आहे.

तुमचा प्रश्न तो नाही. तुमच्या टेबलावर आलेला माणूस म्हणजे भाताचे भारे हलवताना किंवा लाकडं काढताना लाल विंचू चावलेला, घामाने निथळणारा, तोंडाला लाळ, हातपाय बर्फासारखे गार, नाडी धावतेय आणि बीपी वर. लाल विंचवाचं विष शरीरात कॅटेकोलामाइनचं, म्हणजे ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचं, वादळ उठवतं. आधी बीपी चढतं, मग हृदयाचा स्नायू थकतो, फुप्फुसात पाणी होतं. प्राझोसिन हे वादळ अल्फा रिसेप्टरपाशी, म्हणजे ही द्रव्यं रक्तवाहिन्यांवर जिथे काम करतात तिथेच, अडवतं. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी १९८६ साली लॅन्सेटमध्ये प्राझोसिनचा वापर मांडला, तो याच विंचवासाठी आणि याच रुग्णांसाठी. बीएमजेचा २०११ चा पेपर त्यांचा आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचा. त्यात ७० रुग्ण आहेत, सगळे महाडचे. ३५ जणांना लस अधिक प्राझोसिन, ३५ जणांना नुसतं प्राझोसिन. घेतले ते अंगभर लक्षणं असलेले, पण हृदय, फुप्फुस आणि मेंदू अजून शाबूत असलेले रुग्ण. दहा तासांनी पूर्ण लक्षणमुक्त झालेले पहिल्या गटात ३२, दुसऱ्यात ८.

म्हणजे तुमच्या रुग्णाला ८२५ जणांपेक्षा हे ७० जण जवळचे आहेत. "मोठी ट्रायल जिंकते" असं धरून चाललेला माणूस इथे चुकीच्या निष्कर्षावर जाऊन पोचला असता आणि आपण पुराव्यानेच चाललो अशी त्याची खात्रीही झाली असती. मला भीती वाटते ती याच गोष्टीची. ज्याने काही शोधलंच नाही त्याला निदान आपण शोधलेलं नाही हे माहीत असतं.

आता शोधायचं कसं, ते सांगते.

कॉम्प्युटर उघडण्याआधी प्रश्न कागदावर लिहा. १९९५ साली काही अमेरिकी आणि कॅनेडियन डॉक्टरांनी प्रश्नाचे चार तुकडे करायची पद्धत मांडली, तिला आपण पिको म्हणतो: रुग्ण कोण, उपाय काय, तुलना कशाशी, आणि फरक कशात मोजायचा. बहुतेक जण हे परीक्षेपुरतं पाठ करतात आणि मग पबमेडच्या खिडकीत "विंचूदंश उपचार" असं टाइप करून मोकळे होतात. तुमचा प्रश्न मी असा लिहीन: लाल विंचू चावलेला, हातपाय गार पडलेला, पण फुप्फुसात पाणी न झालेला मोठा माणूस किंवा मूल, प्राझोसिनसोबत लस, तुलना नुसत्या प्राझोसिनशी, फरक मोजायचा तो मृत्यूत, फुप्फुसात पाणी होण्यात, आणि बरं व्हायला लागणाऱ्या तासांत. हे लिहिताना पाच मिनिटं जातात. पण नंतरचा अर्धा तास वाचतो, कारण कुठला पेपर बाजूला सारायचा हे तुम्ही आधीच ठरवलेलं असतं.

चौथा तुकडा लोक हमखास विसरतात. "उपयोग होतो का" याला अर्थ नाही. कशात उपयोग? त्याच बीएमजेच्या पेपरमध्ये लस दिलेले लवकर बरे झाले, त्यांना प्राझोसिनचे डोसही कमी लागले. पण प्रकृती पुढच्या टप्प्याला बिघडण्याचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच राहिलं, म्हणजे फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. आणि ७० रुग्णांमध्ये मृत्यूबद्दल काही ठरवता येत नाही, तेवढी माणसंच त्यात नाहीत. तेव्हा या पेपरवरून "लसीने विंचू लवकर उतरतो" असं म्हणता येतं, "लसीने जीव वाचतो" असं म्हणता येत नाही. नातेवाइकांशी बोलतानाही हा फरक पाळावा.

पबमेड १९९७ पासून सगळ्यांना मोफत आहे आणि आज त्यात साडेतीन कोटींहून जास्त नोंदी आहेत. त्यात नुसतं "स्कॉर्पियन" टाकलंत तर हजारोंनी निकाल येतील आणि त्यातले कित्येक विषातल्या प्रथिनांवरचे, प्रयोगशाळेतले. इथे माझ्या शेजारी बसून बघताय असं समजा.

पहिली ओळ रुग्णाची. "स्कॉर्पियन स्टिंग" लिहा, मग "ऑर", मग "स्कॉर्पियन एन्व्हेनोमेशन", मग पुन्हा "ऑर", आणि मग विंचवाची शास्त्रीय नावं. इथे एक खोच आहे. आपला लाल विंचू जुन्या पेपरांत "ब्यूथस टॅम्युलस" आहे, नंतरच्या बहुतेकांत "मेसोब्यूथस टॅम्युलस" आणि आताच्या वर्गीकरणात "हॉटेनटोटा टॅम्युलस". विंचू तोच, नावं तीन. एकच नाव टाकलंत तर काही वर्षांचं काम डोळ्यांआड जातं. नुसतं "टॅम्युलस" टाकलंत तर तिन्ही एका झटक्यात सापडतात. ही युक्ती मला कुठल्या कार्यशाळेत मिळाली नाही, निकालांच्या याद्या वाचता वाचता लक्षात आली.

दुसरी ओळ उपायाची. "अँटिव्हेनम" ऑर "अँटिव्हेनिन" ऑर "अँटिव्हेनीन" ऑर "अँटिसिरम". इंग्रजीतच या एका वस्तूची इतकी नावं आहेत. पबमेडची स्वतःची विषयवार शब्दसूची आहे, तिला मेश म्हणतात. त्यात या वस्तूचं अधिकृत नाव "अँटिव्हेनिन्स" आहे. तुम्ही काहीही टाइप केलंत तरी पबमेड आपल्या परीने त्याचा मेश शब्द शोधतं, पण त्याने नेमका कुठला शोधला ते डोळ्यांनी बघा. ॲडव्हान्स्ड सर्चमध्ये शोधाचा तपशील दिसतो. तिथे तुमच्या शब्दाचं भलतंच रूप झालेलं दिसलं तर निकाल वाचायलाही जाऊ नका, आधी ओळ दुरुस्त करा.

तिसरी ओळ "प्राझोसिन". आता पहिली आणि तिसरी "अँड"ने जोडा. निकाल इतके उतरतात की तासाभरात सगळे मथळे वाचून होतील. मग पहिली आणि दुसरी जोडा, आणि पबमेडच्याच क्लिनिकल क्वेरीज या पानावर जाऊन उपचार हा गट निवडा. ही गाळणी कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या ब्रायन हेन्स यांच्या गटाने बांधली आहे. व्यापक आणि काटेकोर असे तिचे दोन प्रकार आहेत. घाईत काटेकोर घ्या, पण एवढ्याशा विषयाला व्यापकच बरी, कारण आपल्याकडच्या विंचवांवर मुळात काम थोडं आहे.

तीन चुका मी वर्षानुवर्षं बघते आहे. पहिली, "नॉट" वापरणे. "नॉट स्नेक" लिहिलंत की ज्या पेपरमध्ये साप आणि विंचू दोन्ही आहेत तोही गेला. दुसरी, सुरुवातीलाच मोफत पूर्ण मजकुराची गाळणी लावणे. त्यामुळे पुरावा पैशाच्या चाळणीतून गाळला जातो आणि आपल्याला ते कळतही नाही. तिसरी, "ह्यूमन"ची गाळणी. ज्या पेपरांना मेश शब्द लागलेले नसतात ते या गाळणीत अडकतात आणि एखादा नेमका पेपर हातचा जातो.

एक चांगला पेपर सापडला की त्याच्या पानावरचे "सिमिलर आर्टिकल्स" आणि "सायटेड बाय" उघडा. अनुभवाने सांगते, शब्दांनी जे सापडत नाही ते इथे सापडतं. बीएमजेच्या पेपरवरून असेच पुढे गेलात तर पाँडिचेरीच्या जिपमर या केंद्र सरकारच्या वैद्यकीय संस्थेतली २०१४ ची ट्रायल मिळेल: ५० मुलं, हाच लाल विंचू, हीच तुलना, आणि निकालाची दिशाही तीच. एका माणसाच्या एका गावातल्या कामाला दुसऱ्या गटाने देशाच्या दुसऱ्या भागात दुजोरा दिला, ही माझ्या लेखी मोठी गोष्ट आहे. याच वाटेने ॲरिझोनातली २००९ ची न्यू इंग्लंड जर्नलमधली ट्रायलही समोर येईल. १५ मुलं, लस दिलेली आठच्या आठ चार तासांत बरी, प्लासिबोवाल्या सातांतलं एक. फार सुंदर निकाल आहे, पण तो विंचू मज्जातंतूंवर जाणारा. तिथे डोळे गरगरतात, अंग झटके देतं, हृदयाचं वादळ हा तिथला मुख्य धोका नाही. ट्युनिशियाचा "नाही" जसा आपला नाही, तसा ॲरिझोनाचा "हो"ही आपला नाही. आपल्या मताच्या बाजूने असलेला परका पेपर बाजूला ठेवणं जास्त जड जातं, पण ठेवायचा.

पूर्ण मजकूर वाचा. नुसत्या ॲबस्ट्रॅक्टवर, म्हणजे सुरुवातीच्या सारांशावर, उपचार बदलू नका. बीएमजेचे संशोधन लेख मोफत असतात, त्यामुळे हा पेपर तुम्हाला फोनवरही पूर्ण वाचता येईल. वाचताना मी आधी पद्धतीचा भाग उघडते, निष्कर्ष शेवटी. कोणाला घेतलं, कोणाला वगळलं, गट कसे पाडले, कोणाला काय दिलं हे डॉक्टरला माहीत होतं का. या ट्रायलमध्ये माहीत होतं, ती खुली होती. घाम थांबला की नाही, हातपाय गरम झाले की नाही हे बघणाऱ्याला गट ठाऊक असेल तर मन थोडं झुकू शकतं. पण ३२ आणि ८ हा फरक नुसत्या झुकण्याने होईल का? मला वाटत नाही. तुम्ही स्वतः वाचून ठरवा.

प्राझोसिनबद्दलही तुमच्या मनात शंका यायला हवी होती. त्याची प्लासिबोशी तुलना कुठे आहे? जी भक्कम माहिती आहे ती आधी आणि नंतरची: पूर्वी गंभीर रुग्णांतले साधारण ३० टक्के दगावत, प्राझोसिन आल्यावर ते प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आलं, असं बावस्करांनी नोंदवलं आहे. कुठल्या प्रकारचा अभ्यास किती भरवशाचा हे सांगणाऱ्या पुराव्याच्या शिडीवर ही खालची पायरी. पण फरक इतका मोठा, औषध विषाच्या परिणामावर नेमकं उलट काम करणारं आणि परिणाम काही तासांत डोळ्यांसमोर दिसणारा असेल, तर खालच्या पायरीवरचा पुरावाही बळकट ठरतो. तिथे चिठ्ठी टाकून निम्म्यांना साखरेची गोळी देणं मला तरी मान्य झालं नसतं. शिडी पाठ असणं वेगळं आणि ती कधी बाजूला ठेवायची ते समजणं वेगळं.

हायड्रोकॉर्टिसोनबद्दल. ट्युनिशियाच्याच गटाने १९९७ मध्ये मोठ्या डोसचं हायड्रोकॉर्टिसोन तपासलं, फायदा दिसला नाही. विंचू तिकडचा हे इथेही खरं, म्हणून मी "सिद्ध झालं" असं म्हणणार नाही. पण उपयोग आहे असं दाखवायची जबाबदारी देणाऱ्यावर असते. विंचूदंश ही ॲलर्जी नाही, त्यामुळे ॲव्हिलने आणि स्टेरॉइडने विषाचं वादळ थांबण्याचं शरीरशास्त्रीय कारणही नाही. लस दिल्यावर रिॲक्शन आली तर या औषधांची जागा वेगळी, ती ट्रेमध्ये असू द्या.

"देऊन टाकलं तर बिघडतं काय" या वाक्याचं मला फार वाईट वाटतं, कारण मी स्वतः अनेक वर्षं त्या वाक्यावर चालले. मी निवासी डॉक्टर होते तेव्हा डोक्याला मार लागलेल्या जवळपास प्रत्येकाला स्टेरॉइड मिळायचं. सूज उतरेल म्हणून. सगळे देत होते, पुस्तकात होतं, शिकवणारे देव होते. मग २००४ मध्ये क्रॅश नावाची ट्रायल आली. १०,००८ रुग्ण झाल्यावर ती थांबवली, कारण दोन आठवड्यांत स्टेरॉइडवाल्यांतले २१.१ टक्के दगावले होते आणि प्लासिबोवाल्यांतले १७.९ टक्के. म्हणजे साधारण दर ३१ जणांमागे एक जास्तीचा मृत्यू. एका वॉर्डात बसून हा फरक कोणालाही दिसला नसता, कारण डोक्याला मार लागलेली माणसं तशीही जातात. तो पेपर वाचलेली संध्याकाळ मला आठवते. ज्या बेडवरच्या ज्या लोकांना मी सलाईनमधून ते औषध दिलं होतं त्यांचे चेहरे आठवत राहिले. तेव्हापासून रूढ औषधासाठीही मी तितक्याच कसोशीने शोधते जितकं नव्यासाठी.

वेळेचं म्हणाल तर रुग्ण टेबलावर असताना पबमेड उघडायचंच नाही. त्या वेळी हातात हवा तो आधी काढून ठेवलेला कागद. आठवड्यातून एक प्रश्न घ्या, तुमच्या रजिस्टरमधूनच. विंचवाचा प्रश्न उन्हाळ्याआधी, तापाचा पावसाळ्याआधी. आधी तयार गाळलेलं काही आहे का ते बघा: राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं, जागतिक आरोग्य संघटनेचे दस्तऐवज, कॉक्रेन या संस्थेने सगळ्या ट्रायल एकत्र करून घेतलेला आढावा. कॉक्रेनचे सारांश कोणालाही मोफत वाचता येतात. तिथे नीट आणि ताजं उत्तर मिळालं तर पुढे खणायची गरज नाही. फक्त आढाव्यात शोध कोणत्या तारखेपर्यंत घेतलाय ते बघा आणि त्यानंतरचं तेवढं पबमेडवर पाहा.

पैसे भरून उघडणाऱ्या पेपरांसाठी तुमच्या जुन्या मेडिकल कॉलेजच्या ग्रंथपालांना फोन करा. केंद्र सरकारच्या वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजनेत जानेवारी २०२५ पासून सरकारी उच्च शिक्षण संस्थांना हजारो जर्नल्स खुली झाली आहेत. तेही जमलं नाही तर लेखकालाच ईमेल करा. मी कित्येकदा केलाय आणि परक्या देशातल्या प्राध्यापकांनी दुसऱ्या दिवशी पीडीएफ पाठवलीय. आपल्याकडची बरीच जर्नल्स पबमेडमध्ये नाहीत, म्हणून आपल्या मातीतल्या आजारांसाठी गूगल स्कॉलरवरही एक फेरी मारावी. भारतात सुरू असलेल्या ट्रायल सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत सापडतात. २००९ पासून ती नोंदणी सक्तीची आहे.

आजकाल चॅटबॉटला विचारून उत्तर घेतात. प्रश्नाचे समानार्थी शब्द सुचवायला त्याचा उपयोग होतो, मीही करते. पण त्याने दिलेला संदर्भ पबमेडवर मथळा टाकून स्वतः उघडल्याशिवाय वापरू नका. माझ्याकडे सेमिनार घेऊन आलेल्या एका विद्यार्थ्याच्या यादीतले दोन पेपर जगात कुठेच नव्हते. लेखक, वर्ष, पानं, सगळं दिलेलं. आणि पेपर खरा असला तरी तो मागे घेतलाय का ते बघा, पबमेड तशी ठळक सूचना दाखवतं. २०२० मध्ये लॅन्सेटमधला हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरचा पेपर छापून आल्यानंतर दोन आठवड्यांत मागे घेतला गेला.

राहिला सीनियरचा प्रश्न. ते चुकीचं सांगत नाहीयेत. प्राझोसिन आधी, ताबडतोब, आणि लसीची वाट बघत ते थांबवायचं नाही, हे पेपरशी जुळतंच. तुम्हाला जे जोडायचं आहे ते एवढंच, की गार हातपायांचा रुग्ण असेल, लस लाल विंचवाचीच असेल आणि रिॲक्शन सांभाळायची तयारी असेल तर सोबत लस देण्याला आधार आहे. आणि नुसतं बोट दुखणाऱ्याला ती वाया घालवू नये यालाही आधार आहे. बीएमजेचा पेपर छापा, ३२ आणि ८ चा तक्ता अधोरेखित करा आणि "सर, हे वाचून तुम्हाला काय वाटतं?" असं विचारून टेबलावर ठेवा. माझ्या मागच्या पिढीतल्या बहुतेक डॉक्टरांनी अशा विचारण्याचा मान राखलेला मी पाहिला आहे. सिस्टरना मात्र तुम्ही स्वतः जवळ बसून समजावून सांगा, कारण रात्री दोन वाजता ट्रे त्याच भरतात.

आणि उन्हाळा सुरू व्हायच्या आत तुमच्या रुग्णालयाचं मागच्या दोन वर्षांचं विंचूदंशाचं रजिस्टर काढा. चार रकाने आखा: विंचू कसा दिसत होता, आले तेव्हा हातपाय गार होते का, दंशापासून पहिल्या प्राझोसिनपर्यंत किती तास गेले, आणि पुढे काय झालं. तिसरा रकाना भरून झाला की मला पाठवा. मला वाटतं तुमच्या भागात लसीपेक्षा मोठा प्रश्न त्या तासांत सापडेल, आणि तो शोधायला पबमेड लागणार नाही.